आमची रोड शीट ‘फिकट’ का असते?
(एचओ स्केलवर, म्हणजे खऱ्याच्या १:८७ मापात, मॉडेल रेल्वेभोवती गाव वसवणाऱ्या ग्राहकांसाठी)

रोड शीट म्हणजे मॉडेलमधल्या रस्त्यासाठी आम्ही विकतो ती तयार शीट. ‘शीट फिकट आहे, काळी द्या’ ही तक्रार इतक्या वेळा ऐकली की शेवटी छापूनच टाकलं.

शीट फिकट नाही. डांबराचा रस्ता काळा असतो तो नवा असेपर्यंत. पुढे ऊन आणि टायर मिळून वरचं डांबर खातात आणि आतली खडी उघडी पडते. आपल्याकडची खडी काळ्या बसाल्टची खरी, पण धूळ बसली की तीही राखाडीच. पटत नसेल तर दुपारी घरासमोरच्या रस्त्यावर आपला काळा बूट ठेवून बघा.

दुसरं कारण स्केलचं. लेआउट, म्हणजे मांडलेलं सगळं मॉडेल, आपण साधारण तीन फुटांवरून बघतो. १:८७ च्या हिशेबात ते झालं जवळजवळ ८० मीटर. एवढ्या लांबून कुठलाही गडद रंग थोडा उजळच दिसतो. म्हणून आम्ही खऱ्या रस्त्यापेक्षाही एक छटा उजळ जातो. हे मुद्दाम आहे, रंग वाचवायला नाही.

आता मुख्य मुद्दा. शीट घरी नेऊन तिच्यावर काळ्या ऑइल पेंटचा हात मारू नका. शीटवर बारीक दगडपूड बसवलेली असते. ऑइल पेंट त्या खरखरीत भरतो, रस्ता गुळगुळीत आणि चकचकीत होतो, आणि वर दिवा लावला की शाळेतल्या फळ्यासारखा चमकतो. मग फोन येतो, ‘हा रंग काढता येईल का?’ नाही येणार. थिनर लावला की रंगाबरोबर दगडपूडही निघते. त्यात खाली थर्मोकोल असेल तर थिनर तोही खातो. अशा शीट दुरुस्तीला आल्या की कामाचा अख्खा दिवस जातो आणि हाती काही लागत नाही. म्हणून रंगवलेली शीट आम्ही परत घेत नाही. राग मानू नये.

गडद रंग वापरायचाच असेल तर त्याची हक्काची जागा आहे: ठिगळं. पाण्याच्या लाइनसाठी चर खणलेला, नंतर घाईत बुजवलेला, हे दृश्य आपल्याला शिकवावं लागत नाही. पातळ कार्डाची ५ ते ८ मिमी रुंद पट्टी कापा, कडा सरळ नकोत. चिकटवून गडद राखाडी मॅट ॲक्रिलिक लावा. पट्टी रस्त्यापेक्षा केसभर वर राहिली तर उत्तमच, खरी ठिगळंही तशीच असतात. अशी दोन ठिगळं पडली की बाकीची शीट आपोआप जुनी दिसायला लागते आणि ‘फिकट’ हा शब्द पुन्हा निघत नाही. ठिगळंच नकोत म्हणणाऱ्यांनी आपला रस्ता म्हणजे खड्डे न पडण्यासाठी गाजलेला पुण्याचा जंगली महाराज रस्ता समजावा.

मापं थोडक्यात. दोन लेनचा ७ मीटरचा रस्ता म्हणजे ८० मिमी, आमची शीट तेवढीच येते. फूटपाथची उंची १५ सेंमी धरली तर पावणेदोन मिमी. ३ मिमीचा सनबोर्ड (फोमचा बोर्ड) तसाच लावला की फूटपाथ अर्ध्या नडगीपर्यंत येईल, हेही रोज बघतो.

बोळ मात्र शीटवर सोडू नका, तिथे हाताचंच काम हवं. पेठेतला बोळ अडीच मीटरचा धरला तर २९ मिमी. ऊन पोचत नाही म्हणून तो गडद, पण काळा नव्हे. राखाडीत थोडा शेवाळी हिरवा मिसळा. एका भिंतीलगत गटार, त्यावर शहाबादी फरश्या, त्यातली एक तुटलेली आणि एक मुद्दाम तिरकी. भिंतीचा खालचा सेंटिमीटरभर भाग ओलीने काळपट. ड्रेनेजच्या पाइपखाली ओघळ, तो वरून खाली एकाच दमात ओढा. कोपऱ्यावर विटकरी रंगाचा एक ठिपका, तो कशाचा हे सांगायला नको. सगळं करून झाल्यावर पेस्टल खडूची पूड मऊ ब्रशने टेकवत लावा. आमची तयार पूड मिळते, पण स्टेशनरीच्या दुकानातला खडू पॉलिश पेपरवर घासलात तरी चालेल. तेलकट खडू नको, कोरडाच हवा.

अमेरिकी इमारतींची किट घेणाऱ्यांनी मागे पेठेतला बोळ घालू नये. शिकागोकडच्या गल्ल्या साधारण १६ फुटी, म्हणजे ५६ मिमी, बऱ्याच काँक्रीटच्या, पाणी मध्याकडे उतरणारं. काँक्रीटचा रंगही वेगळा, थोडा पिवळसर. त्याची शीट वेगळी आहे, ती मागा.

रूळ ओलांडताना रस्ता रुळाच्या माथ्यापेक्षा अर्धा मिमी खालीच ठेवा आणि आतल्या बाजूला दीड मिमी खाच सोडा. नाहीतर इंजिन तिथेच रुळावरून उतरेल.

प्रत्येक शीटबरोबर बोटभर नमुना पट्टी फुकट देतो. ती आधी आपल्या लेआउटच्या दिव्याखाली ठेवून बघा. पांढऱ्या आणि पिवळ्या एलईडीत एकच राखाडी दोन प्रकारची दिसते. रंग जमला नाही तर पाकीट न फोडता आणा, दुसरी छटा देऊ. बिल सोबत असावं.