आकडे होते, हाती लागत नव्हते

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सोलापूरच्या हायस्कुलात गणेश व्यंकटेश जोशी नावाचे मुख्याध्यापक होते. सरकारी जमाखर्चाची पत्रके, जमीनमहसुलाचे तक्ते, जनगणनेचे अहवाल हे त्यांचे वाचन. त्यातून त्यांनी पुणे सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात लेख लिहिले, आणि अर्थकारणावर बोलायचे असले की गोपाळ कृष्ण गोखलेही त्यांच्याकडे आकड्यांसाठी धाव घेत. २६ मार्च १९०२ रोजी गोखले मध्यवर्ती कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलायला उभे राहिले, तेव्हा त्यांच्या हातात सरकारनेच छापलेले आकडे होते. तिजोरीतली शिल्लक ही सुबत्तेची खूण नाही, लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर उकळल्याची खूण आहे, हे त्यांनी त्याच आकड्यांवरून मांडले. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला.

दादाभाई नौरोजींनीही सरकारी आकड्यांवरूनच हिंदुस्थानचे दरडोई उत्पन्न काढून दाखवले होते. सरकारने काय छापायचे हे सरकार ठरवी, पण छापलेल्यातून काय अर्थ काढायचा, हे वाचणाऱ्याच्या हाती होते. खुल्या शासकीय माहितीचा, ज्याला आज ओपन डेटा म्हणतात त्याचा, सगळा फायदा मला या एका गोष्टीत दिसतो.

अडचणही तेव्हाचीच. ब्रिटिशांनी जिल्ह्याजिल्ह्याची माहिती देणारे गॅझेटियर छापले, तसा १९२३ चा शासकीय गुपिते कायदाही केला, आणि स्वातंत्र्यानंतर तो तसाच राहिला. कागद दाखवणे ही मेहेरबानी आणि न दाखवणे हा नियम, ही कचेरीची सवय त्यातून मुरली. ती मोडायला सुरुवात झाली राजस्थानात. मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावी पहिली जनसुनवाई घेतली. दुष्काळी कामांचे मस्टर आणि बिले गावासमोर मोठ्याने वाचली गेली. कामावर कधीच न गेलेल्यांच्या नावावर मजुरी उचललेली, काम अर्धवट आणि हिशेब पूर्ण, हे ऐकणाऱ्यालाच कळत होते, कारण वाचले जाणारे नाव शेजाऱ्याचे होते. १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवसांचे धरणे झाले. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही त्या लढ्याची घोषणा. महाराष्ट्रात अण्णा हजारेंच्या आंदोलनाने राज्याचा माहितीचा कायदा आणला, आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा माहिती अधिकार कायदा पूर्णपणे लागू झाला.

या कायद्याची ओळख अर्जाने होते: दहा रुपयांचा स्टॅम्प आणि तीस दिवसांची वाट. माझ्या मते त्याचा खरा कणा कलम ४ आहे. प्रत्येक कार्यालयाने आपल्याकडची माहिती आपणहून प्रसिद्ध करावी, नोंदी संगणकावर आणाव्यात, म्हणजे लोकांना अर्ज करण्याची वेळच कमीत कमी येईल, असे ते कलम सांगते. माहिती फ्लॉपीवर मागण्याचा हक्कही कायद्यात लिहिलेला आहे. मी एका कार्यालयाकडे तालुकावार तक्ता सीडीवर मागितला होता. तक्ता त्यांच्या संगणकात होता, मला समोर पडद्यावर दिसत होता. मिळाल्या त्याच्या छापील प्रती, दोन रुपये पानाप्रमाणे. घरी आणून ते आकडे पुन्हा एकेक करून टाइप केले, तीन संध्याकाळी गेल्या. माहिती दिली नाही असे कुणी म्हणू शकणार नाही, पण ज्या रूपात ती उपयोगी पडली असती ते रूप दिले नाही.

ही त्रुटी भरून काढण्यासाठी २०१२ चे राष्ट्रीय माहिती सामायिकीकरण धोरण आले. अमेरिकेने मे २००९ मध्ये आणि ब्रिटनने जानेवारी २०१० मध्ये आपापली डेटा संकेतस्थळे उघडली होती. आपल्या मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१२ मध्ये धोरण मंजूर केले आणि त्याच वर्षी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने केंद्र सरकारचे डेटा संकेतस्थळ उभे केले. प्रत्येक खात्याने तीन महिन्यांत किमान पाच महत्त्वाचे तक्ते द्यावेत, तेही संगणकाला वाचता येतील अशा रूपात, असे बंधन होते. हे आकडे वापरायची, त्यावर काही उभारायची रीतसर मुभा देणारा परवाना मात्र २०१७ साली आला.

फायदा कसा होतो, हे बाजारभावात पाहावे. बाजार समित्यांमधले रोजचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर केंद्राच्या त्या संकेतस्थळावर तक्त्यात मिळतात. कांदा चाळीत ठेवायचा की लासलगावला न्यायचा, हे ठरवताना मागच्या चार वर्षांचे ऑगस्टचे दर शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात. पूर्वी हा हिशेब फक्त व्यापाऱ्याच्या वहीत असायचा. पण त्याच तक्त्यात मधले काही दिवस गळालेले सापडतात, आणि त्या दिवशी लिलाव बंद होता की नोंदच करायची राहिली, हे तक्ता सांगत नाही. रिकामी चौकट आणि शून्य यांत किती फरक आहे, हे आकडे भरणाऱ्याला कुणीतरी समजावून सांगायला हवे.

मराठीत आणखी एक अडसर आहे, आणि त्याच्याबद्दल फार कमी बोलले जाते. कितीतरी जुने शासकीय कागद युनिकोडपूर्व, म्हणजे सगळ्या संगणकांसाठी अक्षरांची एकच सांकेतिक पद्धत येण्याआधीच्या, फॉन्टमध्ये टंकलेले आहेत. पडद्यावर ‘सोलापूर’ अगदी स्वच्छ दिसते. तेच कॉपी करून दुसरीकडे चिकटवले की इंग्रजी अक्षरांचा निरर्थक ढीग उरतो. शोधायला जावे तर गावाचे नाव सापडत नाही. उरलेले कागद स्कॅन केलेले, म्हणजे आकड्यांचे फोटोच. कोविडच्या काळात राज्यांची रोजची पत्रके अशाच चित्रांतून आणि पीडीएफमधून येत, आणि देशाचा एकत्र तक्ता स्वयंसेवक रात्री जागून हाताने भरत. मार्च २०२० पासून ऑक्टोबर २०२१ अखेरपर्यंत त्यांनी ते काम केले.

नावांचाही घोळ आहे. वडगाव किती आहेत ते मोजू नये. एका खात्याच्या तक्त्यात ‘वडगाव बुद्रुक’, दुसऱ्यात ‘वडगाव बु.’, तिसऱ्यात नुसते वडगाव. माणसाला कळते, संगणकाला ती तीन गावे वाटतात. केंद्राने प्रत्येक गावाला सांकेतिक क्रमांक दिलेला आहे. तो एक रकाना प्रत्येक तक्त्यात असला तर पाऊस, पीक, शाळा आणि आरोग्यकेंद्र एका ओळीत आणता येतील.

खाजगीपणाचा प्रश्न मात्र खरा आहे. रोजगार हमीच्या संकेतस्थळावर मजुराचे नाव आणि मजुरी दिसते म्हणूनच गावाला चोरी पकडता येते. पण रुग्णाचे नाव कुणालाच दिसता कामा नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातले वैयक्तिक माहितीचे कलम बदलले. आधी व्यापक जनहित असेल तर माहिती द्यावी, अशी अट त्याच कलमात होती. ती तिथून गेली आहे, आणि मला याची काळजी वाटते, कारण कोट किरानाच्या मस्टरवरची नावेही वैयक्तिक माहितीच होती.

आणि काही आकडे तर अजून गोळाच व्हायचे आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. शेवटची पूर्ण जनगणना २०११ ची. त्यामुळे पालघरची लोकसंख्या काढायची तर आजही जुन्या ठाण्याच्या तक्त्यातून वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड हे आठ तालुके वेचून बेरीज करावी लागते.