गळा तोच, टेपही तीच, मग माणूस वेगळा का वाटतो?

गेल्या चतुर्थीला मुंबईहून आलेल्या माझ्या चुलतभावाने खळ्यात स्पीकर लावला आणि एकाच गाण्याची दोन रेकॉर्डिंगं पाठोपाठ ऐकवली. पहिलं क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी याचं एकट्याचं, १९८५ च्या 'मिस्टर बॅड गाय' अल्बममधलं 'आय वॉज बॉर्न टू लव्ह यू', आणि दुसरं तेच गाणं पण क्वीन बँडचं, १९९५ च्या 'मेड इन हेवन' मधलं. काकी बाजूला तांदूळ निवडत होती, तिचं इंग्रजी गाण्यांशी काही देणंघेणं नाही, पण दुसरं गाणं थोडं पुढे गेलं आणि सुपातून मान वर न करता ती म्हणाली, "ह्यो येगळोच माणूस गाता मरे." पहिला तिला मवाळ वाटला होता, दुसरा तावातावाने गाणारा.

मी तेव्हापासून या एका वाक्यामागे लागलोय, कारण काकीचे कान चुकीचे नाहीत आणि तरी माणूस तोच आहे. नुसता माणूस तोच नाही, गायलेलं गाणंही तेच आहे. फ्रेडी २४ नोव्हेंबर १९९१ ला गेला, त्यामुळे १९९५ च्या गाण्यासाठी तो पुन्हा माइकसमोर उभा राहणं शक्यच नव्हतं, बँडमधल्या उरलेल्या तिघांनी, म्हणजे ब्रायन मे, रॉजर टेलर आणि जॉन डीकन यांनी, त्याच्या सोलो रेकॉर्डिंगमधला फक्त गळा उचलला आणि त्याच्याभोवती स्वतःची गिटार, ड्रम आणि बेस नव्याने उभे केले. अल्बमला ज्या गाण्याचं नाव दिलं ते 'मेड इन हेवन' सुद्धा असंच मूळचं सोलो, नंतर बँडचं.

बँड आणि त्याच्या मुख्य गायकाचं सोलो काम यांची तुलना करताना एरवी फार घोळ असतो, गाणं वेगळं, वय वेगळं, पट्टी वेगळी, स्टुडिओ वेगळा, मग फरक नेमका कशामुळे ते सांगणार कसं? इथे मात्र जवळजवळ एकच गोष्ट बदलली, गळ्याच्या आजूबाजूचा आवाज. प्रयोगशाळेत मुद्दाम करायला जावं असा प्रयोग या लोकांनी आपल्या दोस्तावरच्या प्रेमापोटी करून ठेवलाय.

(हा फ्रेडी आपल्याला अगदीच परका नाही. जन्म झांझिबारचा, १९४६ चा, पारशी घरातला फारुख बुलसारा, आणि वयाच्या आठव्या वर्षी त्याला पाचगणीच्या बोर्डिंग शाळेत घातलं होतं. पोलादपूरवरून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर ओलांडलं की पाचगणी, म्हणजे कोकणाच्या डोक्यावरच की.)

आता कान. ज्याच्या घराला पडवीवर पत्रा आहे त्याला हे विज्ञान आधीच माहीत आहे, फक्त नाव माहीत नसेल. जुलैतला पाऊस पत्र्यावर बदाबदा सुरू झाला की समोरचा बोलतोय ते दिसतं, आवाजही येतो, पण 'सात' म्हणाला की 'हात' ते कळत नाही. आवाज पूर्ण बुडत नाही, त्यातले काही तुकडे बुडतात. याला मास्किंग म्हणतात, एका आवाजाने दुसऱ्याला झाकणं. आपल्या कानात आत गोगलगाईच्या शंखासारखी गुंडाळलेली साडेतीन सेंटीमीटरच्या आसपास लांबीची नळी असते, तिच्या आतला पडदा तोंडापाशी बारीक, उंच आवाजांना हलतो आणि शेवटच्या टोकाला जाड, खर्जातल्या आवाजांना. दोन आवाज या पडद्याच्या एकाच जागेवर आदळले की जोरवाला जिंकतो आणि दुसरा तिथे ऐकूच येत नाही, पण त्याच दुसऱ्या आवाजाचे इतर जागी पडणारे तुकडे मात्र शाबूत राहतात. म्हणून आपल्याला गाणारा ऐकू येतो, पण अर्धवट, जिथे जिथे फट मिळाली तिथून तिथून.

आणि यात एक अन्याय आहे. जाड आवाजाची लाट या पडद्यावरून शेवटच्या टोकाकडे जाताना वाटेत उंच आवाजांच्या जागाही हलवत जाते, उलटं तितकं होत नाही. पडद्यावरची ही धावती लाट शोधून काढणाऱ्या गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ चं नोबेल मिळालं. तर जोरात वाजणारा बेस आणि ड्रम त्यांच्या वरच्या पट्टीतल्या गळ्यालाही दाबतात, गळा मात्र बेसला तेवढा दाबू शकत नाही.

सोलो आवृत्तीत फ्रेडीभोवती जास्त करून सिंथेसायझर आहेत, त्या काळच्या डान्स म्युझिकचा थाट. सूर स्वच्छ, ठरावीक जागी बसणारे, एक वाजून थांबला की मधे मोकळी जागा. बँडच्या आवृत्तीत येते ब्रायन मे ची गिटार. ही गिटार त्याने १९६३ पासून वडिलांच्या सोबतीने घरी बनवली, मानेचं लाकूड एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचं, आणि वाजवतो तो प्लॅस्टिकच्या पिकने नाही तर सहा पेन्सच्या नाण्याने, ज्याची कड तारेला लागताना किंचित खरवडते. (या माणसाने २००७ मध्ये खगोलभौतिकीत पीएचडी पूर्ण केली, ग्रहांमधल्या धुळीवर. मला त्याच्याबद्दल फार आदर आहे आणि तो इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही.) पण आपल्या मुद्द्यासाठी महत्त्वाचा तो डिस्टॉर्शन. अँप्लिफायरला झेपेल त्याहून जास्त सिग्नल दिला की लाटेचे शेंडे कापले जातात, आणि गोल लाट चपटी झाली की तिच्यात नवे नवे उंच सूर तयार होतात, दोन तारा एकत्र वाजवल्या तर त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे सूरही वर येतात. शिवाय शेंडे कापल्यामुळे मोठा आणि लहान आवाज जवळपास सारख्याच जोराचे होतात, तार छेडल्यावर आवाज विरायला हवा तो विरत नाही, लांबतो. म्हणजे गिटार कानातल्या पडद्यावर पसरतेही जास्त आणि मधली मोकळी जागाही बुजवते. पत्र्यावरचा पाऊसच, पण सुरातला.

मग फ्रेडी पूर्ण बुडत का नाही? कारण आपल्या कानाचं भोक अडीच सेंटीमीटर खोल आहे, आणि एका बाजूने बंद असलेल्या तेवढ्या नळीत साधारण ३००० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला ३००० कंपनांच्या) आसपासचा आवाज घुमतो, बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर घुमतो तसा. तिथे कान सगळ्यात तिखट. ज्याचा गळा त्या भागात जोर लावतो तो गर्दीतून वर येतो. बँडच्या गाण्यात फ्रेडीच्या आवाजातला मऊ, भरीव, खालचा भाग गिटार-बेसने झाकला आणि उरला तो वरचा धारदार भाग, काकीला तोच ऐकू आला आणि तिने त्याला तावातावाने गाणारा म्हटलं. सोलोमध्ये खालचं सगळं उघडं होतं म्हणून मवाळ. माझं तरी मत असं झालंय की या दोन गाण्यांतला निम्म्याहून जास्त फरक एवढ्यानेच आहे.

उरलेला फरक साथीच्या गळ्यांचा. क्वीनमध्ये फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर असे तिघे मिळून कोरस भरायचे, रॉजर तर फारच उंच जायचा. सोलोमध्ये एकाच माणसाने आपलाच आवाज थरावर थर रेकॉर्ड केला की तो गुळगुळीत लागतो, कारण प्रत्येक थरात घसा तोच, तोंडाची पोकळी तीच, त्यामुळे ठरावीक जागीच सगळा जोर साठतो. तीन वेगळी तोंडं असली की प्रत्येकाचा जोर थोड्या वेगळ्या जागी, थोड्या वेगळ्या वेळी, आणि तो ढिगारा रुंद होतो.

हे आम्हा सिंधुदुर्गातल्या माणसांना समजावून सांगायला नकोच खरं तर. डबलबारीला, म्हणजे दोन भजनमंडळ्यांच्या सामन्याला, बसा. बुवा, म्हणजे मुख्य गाणारे, पेटीवर, बाजूला पखवाज, झांजा, मागे पाच-सहा जणांचा कोरस, आणि गजर सुरू झाला की बुवांचा आवाज त्या सगळ्यातून सुरीसारखा येतो. तेच बुवा दुपारी ओटीवर एकटे पेटी घेऊन बसले आणि अभंग म्हणाले की आवाजात केवढा ओलावा असतो. आमच्या वाडीतल्या बुवांना मी हे बोललो तर ते लगेच म्हणाले, "झिला, पखवाज थांबलो काय माझो आवाज माकाच येगळो वाटता." आणि त्यांनी जे पुढे सांगितलं ते जास्त महत्त्वाचं होतं, की बारीत ते मुद्दाम ओरडत नाहीत, झांज सुरू झाली की गळा आपोआप चढतो.

याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात, फ्रान्सचे कानाचे डॉक्टर एतिएन लोम्बार्ड यांनी १९११ मध्ये तो मांडला. गोंगाटात माणूस नुसता मोठ्याने बोलत नाही, त्याचा सूरही वर सरकतो, आवाजातला जोर खालच्या पट्टीतून वरच्या पट्टीत जातो आणि स्वर लांबतात. हे ठरवून होत नाही. म्हणजे बँडमध्ये दोन गोष्टी एकाच वेळी घडतात, बाहेरचा आवाज गळ्याचा खालचा भाग झाकतो आणि गाणारा स्वतःच वरच्या भागात जातो. फ्रेडीच्या त्या दोन गाण्यांत ही दुसरी गोष्ट येऊच शकत नाही कारण गळा १९८५ चाच, आधीच टेपवर गोठलेला. म्हणून तर ही जोडी मला इतकी मोलाची वाटते. बुवांकडे दोन्ही एकत्र होतं, फ्रेडीच्या जोडीत एकच उरतं, आणि नुसत्या झाकण्यानेही काकी फसली.

पखवाजाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. साध्या चामड्याच्या ढोलाचे वरचे सूर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून त्यातून धब असा बिनसुराचा आवाज येतो, रॉकच्या ड्रमचाही बराचसा तसाच. पण मृदंग, तबला, पखवाज यांच्या शाईमुळे, म्हणजे चामड्यावरच्या काळ्या गोल लेपामुळे, ते वरचे सूर मुळाच्या पटीत बसतात, आणि हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये दाखवून दिलं होतं. बुवांच्या षड्जाला लावलेला पखवाज त्यामुळे त्यांच्या गळ्याशी भांडत नाही, बराचसा त्याच्यात मिसळतो. भांडते ती झांज. धातूचा तो आवाज काही हजार हर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो, आणि 'स', 'श', 'च' ही अक्षरं नेमकी तिथेच राहतात.

फ्रेडीचा गळा खरोखर कसा होता हे बघायला ऑस्ट्रिया, झेकिया आणि स्वीडनच्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक अभ्यास छापला, आणि त्यांनी काय केलं असेल तर साथ नसलेली २१ रेकॉर्डिंगं घेऊन त्यातले २४० लांब सूर मोजले. साथ असती तर हे मोजता आलंच नसतं, तेच झाकण्याचं भांडण. त्यात निघालं की मुलाखतीत बोलताना त्याचा आवाज ११७ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे मुळात तो भरदार, खालच्या पट्टीचा माणूस. काकीने पहिल्या गाण्यात जो मवाळपणा ऐकला तो हा असावा असं मला वाटतं. गाताना त्याचा सुरातला कंप सेकंदाला ७ वेळा, बहुतेक गायकांपेक्षा जलद. आणि ती जी गुरगुर असते, तिच्यासाठी त्यांनी एका रॉक गायकाला फ्रेडीसारखं गायला लावून त्याच्या घशाचं सेकंदाला ४००० हून जास्त फ्रेमने चित्रण केलं, तर स्वरतंतूंच्या वर असलेल्या दुसऱ्या पडद्यांची जोडीही सोबत थरथरताना दिसली, स्वरतंतू तीनदा हलले की ती एकदा. असा खरखरीत आवाज पडद्यावर रुंद पसरतो, म्हणून गिटारच्या गर्दीतही त्याचा एखादा तरी तुकडा बाहेर डोकावतोच.

घरी ऐकायचं असेल तर दोन्ही गाणी आधी चांगल्या हेडफोनवर ऐका, मग फोनच्या स्पीकरवर. फोनचा इवलासा स्पीकर खर्ज जवळजवळ देतच नाही, त्यामुळे बेस आणि ड्रमचा दाब जातो आणि बँडच्या गाण्यातलाही फ्रेडी एकदम पुढे येतो, दोन्ही माणसं एकमेकांच्या जवळ सरकतात. मग ते गाणं घेऊन वेळेवर, म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर, जा, लाटा फुटतात तिथे. समुद्राचा घोष सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो, पाण्याकडे एकेक पाऊल टाकत गेलात की आधी 'स' जातो, मग शब्द जातात, आणि शेवटी नुसती चाल उरते.

बुवांना मी ही दोन्ही गाणी ऐकवली. इंग्रजी त्यांना येत नाही, पण दुसरं संपल्यावर त्यांनी पहिलं परत लावायला सांगितलं आणि डोळे मिटून ऐकलं. नंतर नवरात्रातल्या बारीला त्यांनी झांजवाल्या पोरांना सांगून ठेवलं होतं की अभंगाची ओळ चालू असताना झांज हाताने दाबून धरायची आणि ओळ संपल्यावर मोकळी सोडायची. मी सगळ्यात मागे, चहाच्या टपरीपाशी उभा होतो, आणि एरवी जिथे नुसता सूर पोचतो तिथे त्या रात्री मला 'संत' मधला 'स' स्पष्ट ऐकू आला.