देवाला उणीव नव्हती, मग माणूस कशाला?

बाबेलच्या, म्हणजे प्राचीन बॅबिलोनच्या, जुन्या कथांना हा प्रश्न अवघड गेला नाही. अत्राहासिसच्या काव्यात कालवे खणून थकलेले धाकटे देव बंड करतात आणि ते कष्ट उपसायला माणूस घडवला जातो. बायबलमध्ये उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात मात्र देव ‘आपल्या प्रतिरूपाचा’ मनुष्य निर्माण करतो आणि पृथ्वीची सत्ता त्याच्या हाती देतो. का, हे तिथे सांगितलेलंच नाही. ‘माझ्या गौरवासाठी’ हे शब्द बायबलमधल्याच यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, 43व्या अध्यायात येतात. तेही पांगलेल्या इस्राएलाला परत बोलावताना.

पेच इथेच आहे. अथेन्समध्ये ख्रिस्ताचा प्रेषित पौल सांगतो की देवाला कशाचीच उणीव नाही. मग गौरव तरी कशाला हवा?

इ.स. 180च्या सुमारास लियोंचा बिशप इरेनियस याने दिलेलं उत्तर मला आजही सगळ्यांत भक्कम वाटतं. देवाला आदामाची गरज नव्हती; आपल्या कृपेचा वर्षाव करायला कुणीतरी असावं म्हणून त्याने आदाम घडवला. ‘जिवंत माणूस हाच देवाचा गौरव’ हे त्याचंच वाक्य. लोक तेवढंच उद्धृत करतात. ‘आणि देवदर्शन हेच माणसाचं जीवन’ हा पुढचा अर्धा भाग गळतो, आणि अर्थ लंगडा होतो.

मध्येच एक वेगळा फाटाही फुटला. पतन पावलेल्या देवदूतांची रिकामी जागा तारलेल्या माणसांनी भरली जाईल, असं प्राचीन चर्चचा धर्मशास्त्रज्ञ ऑगस्टीन याने लिहिलं होतं. माणूस केवळ त्यासाठीच घडला का, हा प्रश्न मध्ययुगीन धर्मशास्त्रज्ञ अँसेल्म याने 1098मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात उकरून काढला. तसं असतं तर स्वर्गातल्या माणसांना दुसऱ्यांच्या पतनाचा आनंद मानावा लागला असता, म्हणून माणूस स्वतःसाठीही घडला, असं तो म्हणतो.

धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनसने तेराव्या शतकात तत्त्व नेमकं मांडलं: देव काही मिळवायला नव्हे, आपला चांगुलपणा वाटायला निर्मिती करतो. 1647च्या वेस्टमिन्स्टर लघुप्रश्नोत्तरीत, म्हणजे प्रॉटेस्टंट शिकवणीच्या एका पुस्तिकेत, माणसाचं मुख्य ध्येय काय या प्रश्नाचं पहिलंच उत्तर देवाचं गौरव करणं आणि त्याच्यात सर्वकाळ आनंद मानणं, या दोन्ही गोष्टी एका वाक्यात बांधतं. 1870च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या धर्मसभेने, जग देवाच्या गौरवासाठी घडलं हे नाकारणाऱ्याला बहिष्कृत ठरवलं. त्याच वेळी, निर्मितीने देवाच्या सुखात भर पडत नाही, हेही नोंदवलं. 1965मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने भर पुन्हा माणसाकडे वळवला: पृथ्वीवर माणूस हा एकच जीव असा, की देवाला तो त्या जिवाच्याच खातर हवा होता, आणि स्वतःला मनापासून देऊन टाकल्याखेरीज तो स्वतःला पूर्णपणे सापडत नाही.