उष्णताप्रेमी जीवाणूंतील उत्परिवर्तन आणि डीएनए-दुरुस्ती

अतिशय उष्ण पाण्यात वाढणाऱ्या जीवाणूंमध्ये डीएनएची मोडतोड किती होते आणि ती कशी सावरली जाते, याचा अभ्यास. यासाठी सर्वाधिक वापरला गेलेला जीवाणू म्हणजे थर्मस थर्मोफिलस. त्याचा एचबी८ हा वाण जपानमधील मिने येथील उष्ण झऱ्यातून मिळाला असून तो ७० अंश सेल्सिअसच्या आसपास जोमाने वाढतो.

तापमान वाढले की डीएनएमधून प्युरीन क्षारक (डीएनएची अक्षरे असलेल्या चार घटकांपैकी दोन) गळून पडण्याचा आणि सायटोसीन या क्षारकाचे युरॅसिल, म्हणजे डीएनएत एरवी नसणारा क्षारक, होण्याचा वेग अनेक पटींनी वाढतो. जीवरसायनशास्त्रज्ञ टोमास लिंडाल यांनी १९७०च्या दशकात हे मोजून दाखवले. त्यावरून अशा जीवाणूंत उत्परिवर्तने (डीएनएतील कायमचे बदल) भरमसाट असावीत, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात उलटे आढळते.

मोजणीसाठी पायरई आणि पायरएफ ही जनुके सोयीची ठरतात. ती शाबूत असतील तर ५-फ्लुओरोओरोटिक आम्ल पेशीला विषारी ठरते. बिघडली असतील तर पेशी वाचते, फक्त तिला युरॅसिल बाहेरून पुरवावे लागते. वाचलेल्या पेशींतील जनुकांचा क्रम वाचला की चूक कोणत्या प्रकारची तेही कळते. २००८ साली डेनिस ग्रोगन, जॉन ड्रेक आणि सहकाऱ्यांनी या पद्धतीने थर्मसचा उत्परिवर्तन दर संपूर्ण जीनोममागे (पेशीतील सगळ्या डीएनएमागे) दर प्रतिकृतीला सुमारे ०.०००९७ असा काढला. सामान्य तापमानातील सूक्ष्मजीवांसाठी ड्रेक यांचाच जुना अंदाज सुमारे ०.००३४ होता. घट मुख्यतः एका क्षारकाच्या जागी दुसरा येण्याच्या चुकांत आहे. ड्रेक यांचे स्पष्टीकरण असे : तापलेल्या पेशीत प्रथिने आधीच उलगडण्याच्या बेतात असतात, त्यामुळे एखादे अमिनो आम्ल बदलणेही महागात पडते आणि नैसर्गिक निवड अचूकतेच्या बाजूने होते. हा तर्क पटण्याजोगा आहे. तसे असेल तर सौम्य बदलांनीही प्रथिन बिघडून ते चाचणीत जास्त दिसायला हवेत. तरी ते कमीच दिसतात, म्हणजे अशा चुका मुळातच कमी होत असाव्यात. मात्र आकडे दोनच जनुकांवरून काढलेले आहेत.

दुरुस्तीची यंत्रणा बरीचशी ओळखीची आहे : युरॅसिल काढणारी विकरे, डीएनएचा खराब झालेला तुकडा कापून काढणारी यूव्हीआर प्रथिने, चुकीच्या जोड्या पकडणारी म्यूटएस आणि म्यूटएल. ई. कोलाय या आतड्यातील जीवाणूमध्ये चूक काढण्यासाठी डीएनएच्या साखळीला छेद देण्याचे काम म्यूटएच हे प्रथिन करते. थर्मसमध्ये ते प्रथिनच नाही, म्यूटएल स्वतःच छेद देते. सल्फोलोबस या उष्णताप्रेमी आर्कियामध्ये (जीवाणूंहून वेगळ्या गटातील एकपेशीय सूक्ष्मजीवात) तर म्यूटएस-म्यूटएल दोन्ही नाहीत, तरी त्याचा दर थर्मसच्या जवळपास आहे. थर्मसची ही प्रथिने उष्णतेत टिकाऊ असल्याने रचना पाहण्यासाठी त्यांचे स्फटिक करणे सोपे जाते. म्यूटएसची रचना २०००मध्ये थर्मस ॲक्वॅटिकस या भाईबंद जीवाणूच्या प्रथिनावरूनही उलगडली.

याच ॲक्वॅटिकसचे टॅक पॉलिमरेज हे डीएनएची नक्कल करणारे विकर पीसीआरमध्ये, म्हणजे परीक्षानळीत डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याच्या पद्धतीत, वापरतात. त्यात चूक तपासून खोडण्याची क्षमता नाही. पण पेशीतील गुणसूत्राची नक्कल मुख्यतः दुसरे पॉलिमरेज करते. त्यामुळे परीक्षानळीतील टॅकच्या चुकांवरून जिवंत जीवाणूच्या अचूकतेचा अंदाज बांधता येत नाही.