कंटिन्जन्सी प्रकल्पाची, ओव्हरहेड संस्थेचे

संशोधन प्रकल्पाच्या मंजुरीपत्रात मनुष्यबळ, उपभोग्य साहित्य, प्रवास आणि उपकरणे यांच्या जोडीला बहुधा आणखी दोन हेड, म्हणजे खर्चाची शीर्षे, असतात : कंटिन्जन्सी आणि ओव्हरहेड. ठाण्यापासून वाशी-नेरुळपर्यंतच्या महाविद्यालयांत या दोन्हींना सरसकट ‘वरखर्च’ म्हटले जाते. मग संशोधकाला वाटते की ओव्हरहेड हा आपलाच राखीव पैसा आहे, आणि कार्यालयाला वाटते की कंटिन्जन्सीतून वीजबिलाला हातभार लावला तर काही बिघडत नाही. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

कंटिन्जन्सी हा प्रकल्पाचा थेट खर्च होय. झेरॉक्स, टपाल, स्टेशनरी, अचानक उद्भवलेली दुरुस्ती असा जो खर्च अमुक एका प्रकल्पासाठी झाला असे पावतीनिशी दाखवता येते, तो प्रमुख संशोधकाच्या मागणीवरून या हेडखाली पडतो. ओव्हरहेड मात्र यजमान संस्थेला मिळते, कारण प्रकल्पामुळे संस्थेवर जो भार पडतो त्यातला बराचसा भाग कोणत्याही एका प्रकल्पाच्या नावावर मोजून टाकता येत नाही.

नेरुळमधल्या एखाद्या महाविद्यालयात प्रकल्पाचे नमुने उणे ८० अंश सेल्सिअसच्या फ्रीझरमध्ये ठेवलेले आहेत असे समजा. त्याचा कॉम्प्रेसर बिघडला तर दुरुस्तीच्या बिलावर त्या यंत्राचा अनुक्रमांक असतो, त्यामुळे ते बिल कंटिन्जन्सीत बसू शकते. तोच फ्रीझर अहोरात्र जी वीज खातो, ती मात्र महावितरणच्या बिलात वर्गखोल्यांतील पंखे, ग्रंथालयातील दिवे आणि पाण्याच्या पंपाबरोबर एकाच आकड्यात मिसळून येते. शिवाय रात्रीचा सुरक्षारक्षक, जनरेटरचे डिझेल, निविदा काढणारा लिपिक आणि अनुदान कसे खर्च झाले हे सांगणारे उपयोगिता प्रमाणपत्र तयार करणारा लेखा विभाग आहेतच. ही सगळी कामे प्रकल्पासाठी होतात, पण केवळ त्याच्यासाठी होत नाहीत. सोसायटीच्या मेंटेनन्सचे असते तसेच हे आहे.

ज्याला प्रयोगशाळाच लागत नाही अशा संशोधनालाही हा भार असतो. विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळाच्या ‘मॅट्रिक्स’ योजनेत गणितज्ञाला वर्षाला २ लाख रुपये मिळत आणि संस्थेला त्याव्यतिरिक्त वर्षाला २०,००० रुपये ओव्हरहेड मिळे. ही रक्कम मोठी नव्हे, पण संस्थेचा वाटा संशोधकाच्या अनुदानातून कापलेला नसून वेगळा दिलेला आहे, हे त्यातून स्वच्छ दिसते.

अमेरिकेतील ओव्हरहेडच्या दरांशी तुलना करताना आणखी एक घोळ होतो. तिथे साधारणपणे प्रत्येक विद्यापीठ संघराज्य सरकारशी वाटाघाटी करून आपला दर ठरवते आणि तो दर एकूण अनुदानावर नव्हे, तर थेट खर्चाच्या ठरावीक भागावर लागतो. मोठी उपकरणे त्यातून वगळली जातात. म्हणून ५० टक्के दराचा अर्थ अर्धे अनुदान विद्यापीठाने घेतले असा होत नाही : १०० डॉलरच्या पात्र खर्चावर ५० डॉलर वरून मिळतात, म्हणजे १५० पैकी एक तृतीयांश. त्या दरातील प्रशासकीय घटकावर १९९१ पासून २६ टक्क्यांची मर्यादा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने सरसकट १५ टक्के दर जाहीर केला, तेव्हा विद्यापीठे न्यायालयात गेली आणि त्या निर्णयाची अंमलबजावणी रोखली गेली.

आपल्याकडे ओव्हरहेड संस्थेच्या सर्वसाधारण खात्यात जमा होऊन दिसेनासे होते, आणि संशोधकांच्या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा तिथेच असते. संस्थेचा हक्क मान्य करूनही मला असे ठामपणे वाटते की या रकमेची खतावणी स्वतंत्र ठेवावी आणि तिचा काही भाग प्रयोगशाळांच्या देखभालीवर खर्च व्हावा. इंटरनेटसारख्या सीमेवरच्या खर्चाबाबत तर आधीच लेखी ठरवून घ्यावे : केवळ प्रकल्पासाठी घेतलेली जोडणी असेल आणि मंजुरीपत्राच्या अटींत बसत असेल तर कंटिन्जन्सी, साऱ्या आवाराची असेल तर ओव्हरहेड, आणि एकच बिल दोन्ही हेडांखाली कधीही नाही.