‘डेथ पॅनेल’ कायद्यात नव्हतंच

अमेरिकेच्या २०१० च्या आरोग्यविमा कायद्यात, म्हणजे ‘ओबामाकेअर’मध्ये, म्हाताऱ्यांना उपचार द्यायचे की नाही हे ठरवणारी सरकारी समिती आहे, असं आजही सांगितलं जातं. हे साफ खोटं आहे. ऑगस्ट २००९ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या नेत्या सारा पेलिन यांनी ‘डेथ पॅनेल’ हा शब्द वापरला आणि बोट दाखवलं गेलं विधेयकातल्या कलम १२३३ कडे. त्यात होतं काय? शुद्ध हरपल्यावर व्हेंटिलेटर हवा की नको, आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यायचा, याबद्दल रुग्ण स्वतःच्या डॉक्टरशी बोलला, तर त्या वेळेची फी मेडिकेअरने, म्हणजे मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्यविमा योजनेने, द्यायची. सक्ती कुणावरच नव्हती. घबराट इतकी पसरली की अंतिम कायद्यातून हे कलमच गळालं. भोगलं मात्र रुग्णांनी: या चर्चेची स्वतंत्र फी मेडिकेअर देऊ लागेपर्यंत २०१६ उजाडलं.