सर्फबोर्ड : आकार, घडण आणि निवड

सर्फबोर्ड : समुद्राच्या लाटेवर उभे राहून स्वार होण्यासाठीची लांबट, तरंगती फळी. या एकाच फळीला दोन अगदी वेगळी कामे करावी लागतात. लाट येईपर्यंत सर्फर तिच्यावर पालथा पडून दोन्ही हातांनी पाणी मागे सारत असतो. तेव्हा ती होडीसारखी पाण्यात बसलेली असते. लाटेने उचलून घेतले आणि सर्फर उभा राहिला की वेग वाढतो, फळी पाण्यातून वर निघते आणि तळाखालून धावणाऱ्या पाण्याच्या दाबावर घसरू लागते. पहिल्या कामाला लांब, जाड, सपाट फळी सोयीची. दुसऱ्याला, विशेषतः उभ्या लाटेवर झटपट वळायचे असेल तर, छोटी, पातळ आणि बाकदार. बोर्डाचे प्रत्येक वैशिष्ट्य या दोन मागण्यांमधली तडजोड असते, आणि निवड करताना आपल्याला त्यातले काय सोडता येईल हे आधी ओळखावे लागते.

पूर्वपीठिका

हवाई बेटांवर ही तडजोड जुन्या काळीच ओळखली गेली होती. तिथले सरदार ‘ओलो’ नावाची जाड, लांबच लांब फळी वापरत. ती विलीविली या हलक्या लाकडाची असे. विलीविली म्हणजे आपल्या पांगाऱ्याच्या प्रजातीतलेच झाड. ‘आलाइया’ ही त्याहून आखूड आणि पातळ फळी कोआच्या किंवा नीरफणसाच्या लाकडापासून बनवत. ओलो मंद, पसरट लाटेवर लांबवर नेई. आलाइया लाटेच्या उभ्या अंगावर चाले, पण तरंगण्यात कमी पडे. दोघींनाही फिन, म्हणजे तळाला मागे बसवलेला माशाच्या परासारखा पंख, नव्हता.

सरदार पाकी यांच्या ओलो फळ्या होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात आहेत. टॉम ब्लेक या अमेरिकन सर्फरने 1920 च्या दशकात त्या दुरुस्त केल्या आणि त्यांच्या धर्तीवर आतून पोकळ बोर्ड बनवले. त्यानेच 1935 मध्ये एका मोटरबोटीची छोटी कील, म्हणजे तळाची उभी पट्टी, बोर्डाच्या तळाला बसवली. हा सर्फबोर्डचा पहिला फिन मानला जातो. त्याच दशकात होनोलुलूच्या वायकीकी किनाऱ्यावरच्या तरुणांनी दुसरा मार्ग काढला. मोठ्या लाटेवर रुंद टेल, म्हणजे बोर्डाचे मागचे टोक, आडवी घसरते म्हणून 1937 मध्ये जॉन केलीने आपल्या बोर्डाची मागची बाजू कुऱ्हाडीने तासून निमुळती केली, आणि बोर्ड लाटेला धरून राहू लागला. टेलच्या आकाराने पकड बदलते, हे इतक्या स्पष्टपणे आधी कोणी दाखवले नव्हते.

बाल्सा लाकूड आणि फायबरग्लास यांमुळे वजन घटले. 1950 च्या दशकाच्या अखेरीस होबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी कॅलिफोर्नियात पॉलियुरेथेन फोम रुळवला. फोम हाताने तासता येतो, त्यामुळे शेपरला, म्हणजे बोर्ड घडवणाऱ्या कारागिराला, कोणतीही वक्रता आजमावता येऊ लागली. 1967 च्या सुमारास ऑस्ट्रेलिया आणि हवाईत बोर्ड एकदम आखूड झाले. लाटेवर केवळ सरळ किंवा तिरके जाण्याऐवजी वर-खाली वळणे घेणे हा सर्फिंगचा गाभा बनला.

लांबी आणि लिटर

दुकानात बोर्डावर तीन मापे लिहिलेली असतात : लांबी, सर्वांत रुंद भागाची रुंदी आणि जाडी. हल्ली चौथा आकडाही असतो, घनफळ लिटरमध्ये. एक लिटर फोम पाण्यात साधारण एक किलो भार पेलतो. सत्तर किलो वजनाचा मुरलेला सर्फर पंचवीस ते तीस लिटरच्या बोर्डावर खेळतो, म्हणजे पडून असताना तो बराचसा पाण्यात बुडालेला असतो आणि हातांच्या जोरावर लाट पकडतो. त्याच वजनाच्या नवशिक्याला साठ ते ऐंशी लिटर लागतात.

हा आकडा उपयोगी आहे, पण त्यावरच विसंबून बोर्ड घेणे ही आजची सर्वांत सामान्य चूक आहे. फोम किती, यापेक्षा तो कुठे ठेवला आहे हे महत्त्वाचे. पस्तीस लिटरचा एक बोर्ड छातीखाली जाड आणि कडांना पातळ असू शकतो, तर पस्तीस लिटरचाच दुसरा सपाट आणि कडांपर्यंत भरलेला. पहिला वळताना सहज कड बुडवतो. दुसरा स्थिर वाटतो, पण कलायला तयार होत नाही. रुंदीचेही तसेच : सर्वांत रुंद भाग मध्याच्या पुढे असेल तर हात मारणे सोपे जाते, आणि मध्याच्या मागे असेल तर बोर्ड मागच्या पायावर चटकन फिरतो.

रॉकर

बोर्ड बाजूने पाहिल्यावर नोजपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, टेलपर्यंत दिसणारा बाक म्हणजे रॉकर. लांबीइतका तो नजरेत भरत नाही, पण बोर्डाचा स्वभाव बहुतांशी तोच ठरवतो. बोर्ड पालथा ठेवावा, जमिनीशी डोळा टेकवून टेलकडून नोजकडे पाहावे. बाक कुठून उचलतो, मधला भाग किती लांबवर सपाट आहे, शेवटच्या फुटात टेल किती वर जाते, हे तिथून नीट दिसते. सपाट मध्य असलेला बोर्ड लाट लवकर पकडतो आणि मंद लाटेवरही पळतो. मात्र लाट एकदम उभी राहून कोसळणारी असेल तर त्याचे नोज पाण्यात खुपसते आणि सर्फर पुढे फेकला जातो. नोजचा बाक यापासून वाचवतो, पण तोच बाक हात मारताना पाणी पुढे ढकलत राहतो आणि दम काढतो. टेलचा बाक वळण आखूड करतो आणि वेग खातो. म्हणून हवाईच्या पाइपलाइनसारख्या खोल, पोकळ लाटेसाठी बनवलेला बोर्ड किनाऱ्यालगतच्या गुडघाभर लाटेवर जड वाटतो, आणि दोष बहुधा सर्फर स्वतःला देतो.

रेल आणि तळ

बोर्डाच्या कडेला रेल म्हणतात. तिची पारख डोळ्यांपेक्षा बोटांनी चांगली होते. अंगठा डेकवर, म्हणजे बोर्डाच्या वरच्या पृष्ठभागावर, आणि बाकीची बोटे तळाखाली ठेवून रेल चिमटीत धरावी आणि हात नोजकडून टेलकडे सरकवत न्यावा. पुढे ती अंड्याच्या कडेसारखी गोल लागते. मागच्या पायाच्या जागेजवळ तळाच्या बाजूला एक धार उमटू लागते आणि टेलपाशी ती बोटाला स्पष्ट टोचते. गोल कडेवरून पाणी वळसा घेऊन वर चढते, बोर्डाला चिकटून राहते आणि त्याला लाटेत धरते. धारदार कडेशी तेच पाणी तुटून सुटते, बोर्ड मोकळा होतो, वेग घेतो. मऊ कड पकड देते, टोकदार कड सुटका. नोजपर्यंत धार असलेला बोर्ड वेगात जाताना चुकीच्या ठिकाणी अडकतो. टेलपर्यंत गोल असलेला जुन्या पद्धतीचा लॉंगबोर्ड संथ चालतो, पण नोजवर जाऊन उभे राहिलेल्याला तो पाण्यात धरून ठेवतो.

तळाचा खोलगटपणा, म्हणजे कॉन्केव्ह, पाणी टेलकडे नेऊन उचल वाढवतो. टेलजवळचा उताराचा ‘व्ही’ एका कडेवरून दुसऱ्या कडेवर झुकणे सोपे करतो. नवशिक्याला यांतले काही जाणवत नाही. तळाकडे त्याने पहिली दोन वर्षे लक्ष दिले नाही तरी चालेल.

टेल आणि फिन

रुंद टेल कमजोर लाटेतही बोर्डाला उचलून धरते, टोकदार पिनटेल मोठ्या लाटेत घट्ट बसते. स्क्वॉश, म्हणजे गोलसर कोपऱ्यांची चौकोनी टेल, यांच्या मधली आणि म्हणूनच सर्वाधिक दिसणारी. स्वॅलो टेल माशाच्या शेपटीसारखी दुभंगलेली असते : रुंदी राहते, शिवाय दोन्ही टोके पिनसारखी पकड देतात. सॅन दिएगोच्या स्टीव्ह लिसने 1967 च्या सुमारास गुडघ्यांवर बसून स्वार होण्यासाठी जो आखूड, जाडसर, दोन फिनांचा ‘फिश’ केला, तो याच कारणाने आजही छोट्या लाटांचा लाडका आहे.

फिनांच्या बाबतीत 1980 हे वळणाचे वर्ष. त्या वेळी ऑस्ट्रेलियाचा मार्क रिचर्ड्स दोन फिनांच्या बोर्डावर 1979 ते 1982 असे सलग चार जागतिक किताब मिळवत होता, आणि अनेक व्यावसायिक सर्फर ट्विन फिनकडे, म्हणजे दोन फिनांच्या बोर्डाकडे, वळले होते. सिडनीच्या नॅराबीनचा सायमन अँडरसन धिप्पाड होता. मोठ्या लाटेत जोर लावला की त्याची ट्विन फिन बाजूला सरकून जाई. दुसऱ्या एका शेपरच्या ट्विन फिनवर मागे बसवलेला छोटा अर्धगोल फिन त्याने पाहिला आणि स्वतःच्या बोर्डावर सारख्या आकाराचे तीन फिन लावून पाहिले. याच रचनेला ‘थ्रस्टर’ नाव पडले. 1981 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बेल्स बीचवर प्रचंड लाटांत त्याने याच बोर्डावर स्पर्धा जिंकली. त्याने पेटंट घेतले नाही, आणि रचना काही वर्षांतच जगभर पसरली. तिचे यश समजायला बाजूचा फिन निरखावा : आतली बाजू सपाट, बाहेरची फुगीर, आणि पुढचे टोक किंचित नोजकडे आत वळवलेले. झुकल्यावर पाणी या फुगवट्यावरून जाताना ओढ देते, आणि मधला फिन टेल निसटू देत नाही. चार फिन वेग वाढवतात. एकच मोठा फिन मात्र अजूनही लांब, संथ वळणांसाठी सर्वांत गोड.

निवड

पहिला प्रश्न लाटेचा : आपण जिथे बहुतेक दिवस पाण्यात उतरणार आहोत तिथे ती कशी असते? गोव्याच्या आश्वे, मांद्रे, हरमल पट्ट्यात हंगामात वाळूवर फुटणाऱ्या छोट्या, मऊ लाटा येतात. तिथे आठ-नऊ फुटांचा मऊ पृष्ठभागाचा बोर्ड शिकणाऱ्याला एका सकाळीच उभे करू शकतो, आणि शिकलेल्यालाही तिथे फिश किंवा लॉंगबोर्ड अधिक आनंद देतो. स्पर्धेतल्या सर्फरसारखा सहा फुटांचा पातळ थ्रस्टर घेऊन तिथे उतरणे म्हणजे हात दुखेपर्यंत लाटा हुकवणे. इंडोनेशियाच्या प्रवाळावरच्या जोरकस लाटेला मात्र तोच थ्रस्टर हवा. फार मोठ्या लाटांसाठीचा ‘गन’ लांब आणि दोन्ही टोकांना निमुळता असतो, कारण तिथे लाट स्वतःच वेगात येते आणि ती पकडायला हातांना तितकाच वेग लागतो.

बोर्ड लहान करत जाताना एका वेळी थोडेच उतरावे. लाट पकडण्याची संख्या घटली की शिकणेही घटते.

बोर्ड वापरलेला असेल तर त्याच्या डेकवर, उभे राहण्याच्या जागी, अंगठ्याने दाबून पाहावे. कुठे मऊ बुडबुडा लागला तर तिथे फायबरग्लास फोमपासून सुटलेला आहे. बंद गाडीत उन्हात ठेवलेल्या बोर्डाचे हे हमखास होते. तडा गेलेल्या जागेभोवती तपकिरी डाग म्हणजे आत पाणी शिरले. असा बोर्ड उचलल्यावर त्याच मापाच्या कोरड्या बोर्डापेक्षा जड लागतो.